यादी लॉक करण्याआधी

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टर मुलामुलींची चिंता बहुतेक एकच असते: मोठ्या नावाचं हॉस्पिटल हातचं गेलं तर जन्मभर पस्तावा होईल का? अशाच एका मुलीबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिला मेघना म्हणू.

मेघना मराठवाड्यातली. स्त्रीरोगच घ्यायचं हे इंटर्नशिपमध्येच ठरलेलं, रँकही बरा. घोळ होता तो कॉलेजांच्या क्रमाचा. वडिलांच्या तोंडी केईएम, जेजे, ससून. तिचं मन मात्र घराजवळच्या एका शासकीय महाविद्यालयाकडेही ओढ घेत होतं. झोप उडाली होती, चॉईस फिलिंगची, म्हणजे प्रवेशासाठी भरायच्या कॉलेजांच्या पसंतीक्रमाची, यादी रोज खालीवर होत होती.

"तिथल्या जेआरशी, म्हणजे पीजी करणाऱ्या ज्युनियर निवासी डॉक्टरांशी, बोललीस का?" मी विचारलं. नव्हती बोलली. कटऑफ, स्टायपेंड, बॉण्ड (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सेवेचा करार) सगळं पाठ. पण वॉर्डात राबणाऱ्या एकाही माणसाला फोन केलेला नव्हता. हे मी इतक्यांदा पाहते की जीव तुटतो.

मग आम्ही प्रश्न लिहून काढले. "कसं चाललंय?" असं विचारलं की समोरचा "चालतंय" म्हणतो, म्हणून नेमकं विचारायचं. पहिलं सिझर स्वतःच्या हाताने कधी केलंस, आणि तेव्हा टेबलापलीकडे कोण उभं होतं? मागच्या रविवारी काय केलंस? ताप आला तर तुझी ड्यूटी कोण घेतं? थीसिसचा गाईड भेटतो का? कुणी सीट सोडून गेलं का, आणि का? हे एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, नाही, फर्स्ट आणि सेकंड इयरला विचारायचं, तेही त्यांचा इमर्जन्सीचा दिवस टाळून.

१९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत. २०२३ च्या पीजी नियमावलीत कामाच्या निकडीनुसार आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला किमान २० पगारी किरकोळ रजा आहेत. कागद सगळीकडे सारखा. युनिटागणिक फरक पडतो, आणि तो आतल्या माणसालाच माहीत असतो.

मेघनाने चार-पाच फोन केले. मुंबईतल्या एका ठिकाणी गुंतागुंतीच्या केसेस भरपूर, शिकवणारे उत्तम, पण सिझर हातात यायला उशीर. घराजवळच्या कॉलेजात प्रसूतींची रीघ, सिनियर शेजारी उभं राहून करू देतात. "रात्री दोनला मॅडम स्वतः येतात," असं तिथली जेआर टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर, म्हणाली. हे वाक्य मेघनाने वहीत दोनदा लिहिलं होतं.

पुढच्या भेटीला वडील आले. "लोक विचारतील, मुंबई का सोडली?" मी म्हटलं, "काका, पोस्टपार्टम हेमरेजची, बाळंतपणानंतर खूप रक्तस्राव होणारी, बाई टेबलावर असताना हिच्या हाताला काय येतं, ते महत्त्वाचं. ते कुठे नीट शिकायला मिळेल, हिलाच विचारा." ते बराच वेळ तिच्या वहीतली उत्तरं वाचत बसले.

तिने घराजवळचं कॉलेज पहिलं टाकलं, मुंबईतली दोन खाली ठेवली आणि जिथे जायचंच नव्हतं ती नावं काढून टाकली. हे शेवटचं फार मुलं करत नाहीत. प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत वरच्या पसंतीची सीट मिळाली की आधीची आपोआप रद्द होते, म्हणून नको असलेलं नाव यादीत वर ठेवायचंच नाही.