नाताळच्या दुपारी दोन वाजता

"ताई, देवावर विश्वास असूनही एकटं वाटतं, म्हणजे माझा विश्वासच कमी पडतोय ना?"

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. बाई ७९ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, राहायला पुण्यात गुरुवार पेठेत पंचहौदाजवळ. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) यजमान जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा टोरंटोला. "इथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन. त्याचा फोन येणार संध्याकाळी. सकाळची उपासना आटोपून घरी आलं की ती मधली दुपार खायला उठते."

मी समुपदेशक. हा प्रश्न मला दिवाळीतही विचारला जातो. तेव्हा देव वेगळा असतो, दुपार तीच.

झोप, भूक, औषधं आधी विचारून घेतली. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर मी डॉक्टरांकडे पाठवते. जगणंच नकोसं वाटत असेल, तर त्याच दिवशी. बाईंचं तसं काही नव्हतं. मग मी आमच्या नेहमीच्या पोतडीतला सल्ला काढला: ज्येष्ठ नागरिक संघ, सहल, भजनी मंडळासारखं काहीतरी. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पर्स उचलता उचलता म्हणाल्या, "मला विरंगुळा नकोय हो. मला माझा नाताळ हवाय."

चुकलंच माझं.

पुढच्या भेटीत विचारलं, प्रार्थनेत काय बोलता? "आभार मानते." आणि दुपारबद्दल? "देवापुढे रडगाणं कसं गायचं?" मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे मला बिनधास्त विचारता आलं: बायबलमध्ये कुणीच कुरकुर करत नाही का? बाई थबकल्या. मग वर्गात करत असतील तसं बोट वर करून म्हणाल्या, "स्तोत्र ७१." म्हातारपणी मला टाकू नकोस, शक्ती सरत चालली असता सोडू नकोस, असं मागणं त्यात आहे. ते त्यांना पाठ होतं. आपलं म्हणून कधी म्हटलं नव्हतं, इतकंच.

तिसऱ्या भेटीत त्या बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान घेऊनच आल्या. दुसऱ्या अध्यायात हन्ना आहे. लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला, चौऱ्याऐंशीचा आकडा गाठला तरी ही मंदिरात उपासप्रार्थना करत राहिलेली, आणि तिथे तिला बाळ येशू दिसतो. "इतकी वर्षं संडेस्कूलमध्ये मुलांकडून येशूजन्माचा देखावा बसवून घेतला. मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले मागी लोक, उंटसुद्धा! ही म्हातारी कधी घेतलीच नाही." तो प्रसंग जन्मानंतरचा, त्यामुळे गव्हाणीत ती नसणारच, हेही त्यांनीच सांगितलं. पण त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता.

तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर आली. घरोघरी कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गाणाऱ्या मुलांना यजमान गेल्यापासून त्याच "येऊ नका" म्हणून कळवत होत्या. का? "पंधरा पोरं येतात. करंज्या कोण तळणार?" गुडघ्यांमुळे गॅससमोर उभं राहवत नव्हतं, आणि विकतच्या करंज्या पुढे करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. (पुण्यातली तत्त्वं धर्म बघून बदलत नाहीत.) मी विचारलं, मुलं गायला येतात की खायला? "दोन्हीला," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. चर्चच्या पाळकांना फोन मात्र त्यांनी माझ्यासमोरच लावला.

जानेवारीत भेटल्या. मुलं २२ तारखेला रात्री साडेदहाला आली. चिवडा दुकानातला, कॉफी घरची. एका मुलाने माळ्यावरची नाताळची चांदणी काढून गॅलरीत टांगली. तीन वर्षं ती खोक्यातच होती. आणि पंचवीसची दुपार? "होतीच की. दोन वाजता स्तोत्र मोठ्याने म्हटलं, जरा रडले, मग झोप लागली."

चांदणी अजून उतरवलेली नव्हती.

"माझा हात पोचतोय होय तिथे? त्याच पोराला रविवारी बोलावलंय," बाई म्हणाल्या. "या वेळी करंज्या करीन म्हणते. बसून तळायच्या."