आततायी आणि उतावीळ एकच का?

प्रश्न : आमच्या राजारामपुरीतल्या अपार्टमेंटचं टेरेस गळत होतं म्हणून सेक्रेटरींनी पावसाळ्याच्या तोंडावर एकच कोटेशन घेऊन काम देऊन टाकलं. मीटिंगच्या वृत्तांतात लिहिलं गेलं, ‘सेक्रेटरींनी आततायीपणे निर्णय घेतला.’ ते फार दुखावलेत. लिहिणारे म्हणतात आततायी म्हणजे उतावीळच, त्यात काय एवढं. खरं काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सेक्रेटरींना वाईट वाटलं ते बरोबरच आहे. आततायी हा मुळात फार जड शब्द. संस्कृतात त्याचा अर्थ धनुष्य ताणून मारायला निघालेला, आणि स्मृतिग्रंथांत सहा आततायी सांगितलेत : आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, धन लुटणारा, जमीन बळकावणारा, दुसऱ्याची बायको पळवणारा. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो, ते काय घाई करत होते म्हणून नाही! मराठीत मात्र शब्द हळूहळू ‘मागचापुढचा विचार न करता टोकाचं काही करणारा’ इकडे सरकला, आणि आज तोच अर्थ रूढ आहे, तो चुकीचा नाही, पण त्यातली नुकसानीची धग अजून गेलेली नाही.

आपल्याकडच्या गुऱ्हाळावरच बघा ना. गूळ कधी मिळणार म्हणून रस आटवायच्या मोठ्या कढईभोवती, म्हणजे काहिलीभोवती घुटमळणारं पोरगं उतावीळ, त्याच्या हातून अजून काही बिघडलेलं नाही, नुसता धीर धरवत नाही. पाक पाण्यात टाकून गोळी होते का ते न बघताच काहील उतरवली तर ती घाई, ‘एवढी कसली गडबड करायलायस’ म्हणून कुणीतरी ओरडणारच. आणि बांधाच्या भांडणातून शेजाऱ्याच्या उभ्या उसाला काडी लावली, तर तो आततायीपणा.

उतावळा म्हटलं की थोडी चेष्टाही येते. बाशिंग बांधायचं कपाळाला, पण ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’, इतकी त्याला लग्नाची घाई. हा शब्द उतावळी, उतावळे असा बदलतो, उतावीळ आणि आततायी मात्र तसेच राहतात.

तुमच्या सेक्रेटरींनी गळती थांबवायला धडपड केली, कुणाचं घर जाळलं नाही. त्यामुळे पुढच्या मीटिंगमध्ये ते वाक्य बदलून घ्याच, ‘पुरेशी कोटेशनं न मागवता घाईने काम दिलं’ असं लिहा, म्हणजे नेमकं काय चुकलं तेही कळेल. आणि हो, बरेच जण ‘अतताई’ लिहितात, ते ‘आततायी’ असं पाहिजे.