विखंडनातून निघणाऱ्या अल्फा कणांची ऊर्जा मोजतात कशी?

तुमचा प्रश्न असा, की कॅलिफोर्नियम-२५२ हे किरणोत्सारी मूलद्रव्य साध्या क्षयातही अल्फा कण (हीलियमची केंद्रकं) सोडतं, मग विखंडनाचे, म्हणजे केंद्रक दुभंगताना निघणारे, अल्फा त्यातून वेगळे काढतात कसे? खरी अडचण तीच आहे. विद्यार्थी असताना मी ही मोजणी केली आहे. निम्मी मेहनत नको असलेले कण अडवण्यातच जाते.

१०० केंद्रकांपैकी जेमतेम ३ दुभंगतात, बाकीची ६.१ एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) अल्फा सोडून मोकळी होतात. दुभंगणाऱ्यांतही दोन जड तुकड्यांसोबत तिसरा हलका कण, बहुतेकदा अल्फा, साधारण ३०० वेळांत एकदा निघतो. म्हणजे कामाच्या एका अल्फामागे नऊ-दहा हजार बिनकामाचे!

म्हणून स्रोतापुढे ३० मायक्रॉनच्या आसपास जाडीचं अॅल्युमिनियम फॉइल लावतात. विखंडनाचे जड तुकडे आणि क्षयाचे अल्फा त्यातच थांबतात. त्यामागे सिलिकॉनचे दोन डिटेक्टर, एक अगदी पातळ आणि दुसरा कण आत पूर्ण थांबेल इतका जाड. पातळ थरात गेलेली ऊर्जा गुणिले एकूण ऊर्जा, हा आकडा ढोबळमानाने कणाचं वस्तुमान आणि विद्युतभाराचा वर्ग यांच्या गुणाकारासारखा बदलतो. अल्फासाठी तो गुणाकार १६ येतो, ट्रायटॉनसाठी (हायड्रोजन-३ चं केंद्रक, तेही कधीकधी तिसरा कण म्हणून निघतं) ३. त्यामुळे आलेखावर दोघांचे पट्टे स्वच्छ वेगळे पडतात. ऊर्जेची पट्टी अमेरिसियम-२४१ च्या ५.४८६ एमईव्हीसारख्या माहितीतल्या अल्फावरून बसवायची.

आता फॉइलची किंमत. १६ एमईव्हीचा अल्फा त्यात सुमारे २ गमावतो, कमी ऊर्जेचा त्याहून जास्त. हे नुकसान हिशेबाने परत मिळवता येतं. पण जे फॉइलमध्ये किंवा पातळ डिटेक्टरमध्येच अडकले ते आलेखावर येतच नाहीत, आणि साधारण ८-९ एमईव्हीच्या खाली बहुतेकदा काहीच दिसत नाही. मग दिसणाऱ्या भागावर घंटेच्या आकाराचा वक्र बसवतात आणि त्याचा मध्य सांगतात. विखंडनाच्या अल्फांची सरासरी ऊर्जा म्हणून पुस्तकात दिलेले १६ एमईव्ही असे आलेले असतात (अर्ध्या उंचीवरची रुंदी सुमारे १०).

फॉइलशिवाय, विखंडनाच्या तुकड्याशी वेळ जुळवून केलेल्या मोजण्यांत खालच्या बाजूला वक्रापेक्षा जास्त अल्फा सापडले. त्यांतले बरेच मूळचे अल्फा नव्हतेच: हीलियम-५ (एक न्यूट्रॉन जास्त असलेलं अस्थिर हीलियम) निघतं आणि लगेच फुटून अल्फा व न्यूट्रॉन होतात. म्हणून दोन प्रयोगांच्या सरासऱ्या जुळत नसतील, तर वक्र कितव्या एमईव्हीपासून बसवलाय ते मी आधी बघतो. बऱ्याचदा फरक तिथेच निघतो.