मॅक्रो चालला, पण बरोबर चालला का?
ऐरोलीतल्या तुमच्या सोसायटीची मेंटेनन्स बिलं काढणारा एक्सेलमधला मॅक्रो (कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) आधी फाइलच्या कॉपीवरच चालवा; त्याने केलेले बदल कंट्रोल-झेडने परत येत नाहीत. पाचच फ्लॅट घ्या: थकबाकीदार, आगाऊ भरणारा, रिकामी रक्कम, मजकूर म्हणून टाकलेली रक्कम आणि एक साधा. उत्तरं आधी हाताने काढून ठेवा. मजकुरातले '५००' आणि '२००' अधिक चिन्हाने जोडले, तर ७०० नव्हे, ५००२०० येतात! मॅक्रोचा कोड उघडून एफ-८ दाबत एकेक ओळ चालवा, व्हेरिएबलवर (किंमत साठवणाऱ्या नावावर) माउस ठेवून किंमत बघा. 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' (चूक आली तरी पुढे जा) ही ओळ कोडमधून काढाच, ती चुका गिळते. शेवटी मॅक्रो लागोपाठ दोनदा चालवा. व्याज पुन्हा चढलं, तर 'या महिन्याचं बिल निघालंय का' ही अट मॅक्रोत घालायची राहिली आहे.