टी पेशी ‘आत्महत्या’ करतात का?

दादरच्या एका वाचक ताईंनी विचारलंय की टी पेशींवरच्या (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) मराठी लेखांत अपॉप्टोसिसला, म्हणजे पेशीच्या ठरल्या पद्धतीने होणाऱ्या मरणाला, कुठे ‘पेशीची आत्महत्या’ म्हणतात, कुठे नुसतं ‘पेशीमृत्यू’, तर बरोबर काय?

मला विचाराल तर दोन्ही नकोत. पेशीमृत्यू म्हटलं की भाजून, ठेचून मेलेली पेशी पण त्यातच आली, तो प्रकार नेक्रोसिसचा, वेगळा. आणि आत्महत्या हा शब्द टी पेशींना अर्धाच लागू पडतो. कसं ते बघा, इन्फेक्शन आलं की या पेशी भराभर वाढतात आणि काम झालं की बहुतेकींना जावं लागतं, त्याचे रस्ते दोन. पहिला आतला, म्हणजे आयएल-२ सारखे जगवणारे सिग्नल आटले की बिम नावाचं प्रोटीन जोर धरतं, पेशीला वाचवणाऱ्या बीसीएल-२ प्रोटीनची राखण कमी पडते, मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन बाहेर येतं आणि कॅस्पेज-९ जागं होतं (कॅस्पेज म्हणजे पेशीतली प्रोटीनं कापणारी एन्झाइम्स). दुसरा रस्ता बाहेरचा, बऱ्याचदा दुसऱ्याच पेशीवरचा फास लिगॅंड हा रेणू टी पेशीवरच्या फास रिसेप्टरला, म्हणजे तो सिग्नल पकडणाऱ्या प्रोटीनला, येऊन चिकटतो आणि कॅस्पेज-८ सुरू होतं. (हा फास गळफासातला नव्हे हं, निव्वळ योगायोग, पण परीक्षेत लक्षात राहायला झकास!) पुढे दोन्हीकडून कॅस्पेज-३ वगैरे मंडळी कामाला लागतात. आता हुकूम बाहेरून आला असेल तर त्याला आत्महत्या कसं म्हणायचं? फासच्या जीनमध्येच बिघाड असला तर नको असलेल्या पेशी साचतात, लिम्फ नोड्स आणि प्लीहा सुजतात, कधी शरीर स्वतःच्याच रक्तपेशींवर उलटतं.

अपॉप्टोसिस हा मूळ शब्द १९७२ साली कर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांच्या पेपरात आला, सुचवला स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे ग्रीकचे प्रोफेसर जेम्स कॉर्मॅक यांनी, अर्थ पानं-पाकळ्या गळणं. म्हणजे चक्क आपली पानगळ! बिल्डिंगच्या आवारातल्या बदामाची लाल पानं कोणी तोडत नाही, झाडच देठाशी सोडवण करतं. म्हणून मी बोलताना ‘पेशीगळ’ म्हणतो, केसगळतीची आठवण झाली तर होऊ दे. लेखात सरळ अपॉप्टोसिस लिहा.

‘नियोजित पेशीमृत्यू’ पण चालेल, पण तो मोठा गट झाला, त्यात पायरोप्टोसिसही येतो, तिथे गॅसडर्मिन डी नावाचं प्रोटीन पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं, पेशी फुगून फुटते आणि आजूबाजूला सूज भडकते, त्याला गळणं कुठल्याच हिशोबात म्हणता येणार नाही.