त्याच्या वरचं वाच

मोहननगर, नागपूर येथून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लग्नापासून सदरमधल्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जातात. पती मात्र वर्षभरापासून एका नव्या मंडळीत, फेलोशिपमध्ये, रमले आहेत. तिथल्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) घरी प्रार्थनासभा घेतली, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ हे वचन काढून दिले आणि देवाचे संकल्प हिताचेच असल्यामुळे बेसा येथील फ्लॅट मिळणारच, फक्त आधी ५०,००० रुपयांचे ‘बीज’, म्हणजे फळाच्या आशेने द्यायचे दान, पेरावे लागेल, असे सांगितले. हे पैसे मुलीच्या फीसाठी ठेवलेल्या मुदत ठेवीतले आहेत. भगिनी विचारतात की जुन्या मंडळीचे शिक्षण खरे मानावे की नव्या, आणि मोबाइलवर त्या ज्यांना ऐकतात त्या प्रवचनकारांपैकी कोणावर विश्वास ठेवावा.

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता लिहावे तसे एक वाक्य आहे. पाळकांनी ते वचन मोठ्याने वाचायला तुम्हालाच सांगितले, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या, “बाई, त्याच्या वरचं पण वाच ना,” आणि तुम्ही त्यांना डोळ्यांनी दटावून गप्प केलेत, कारण पाहुण्यांसमोर बरे दिसत नव्हते. पतींवर, पाळकांवर आणि महागाईवर तुम्ही चार पाने लिहिलीत. त्या खोलीत नेमका प्रश्न विचारणारे एकच माणूस होते आणि त्याचे तोंड तुम्ही बंद केलेत, हे मात्र तुमच्या ध्यानात आलेले दिसत नाही. म्हणून तुमची कीव करायला मी आज तयार नाही.

वर काय आहे ते सांगते. तो अध्याय म्हणजे यरुशलेमेहून बाबेलात पाडाव करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेले पत्र आहे. त्यात तो त्यांना परक्या मुलखातच घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, असे सांगतो. तुमच्या वचनाच्या लगेच वर, दहाव्या ओवीत, सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला परतीची वाट बहुधा दिसणारच नव्हती. ‘दोन वर्षांत सगळे परत मिळेल’ असे सांगणारा खोटा संदेष्टा हनन्या आदल्याच अध्यायात भेटतो, आणि लोकांना अर्थातच तोच आवडला असणार. आणखी वर, आठव्या व नवव्या ओव्यांत, देव बजावतो की तुमच्यामधले संदेष्टे माझ्या नावाने खोटे सांगतात, त्यांना मी पाठवलेले नाही. पन्नास हजारांसाठी उघडलेल्या पानावर, त्या वचनापासून दोन बोटांच्या अंतरावर हा इशारा छापलेला होता आणि सासूबाईंचे बोट, मला वाटते, तिथेच होते.

पाळकांना प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास, असे तुम्ही लिहिता. प्रेषितांची कृत्ये, १७ वा अध्याय काढा. बिरुया गावाचे लोक खुद्द प्रेषित पौलाचे बोलणे दररोज शास्त्रात पडताळून पाहत होते, आणि त्याबद्दल त्यांना बोल लावलेला नाही, थोर मनाचे म्हटले आहे. पुढच्याच ओवीत विश्वास ठेवणाऱ्यांमध्ये प्रतिष्ठित ग्रीक स्त्रियांचा उल्लेख येतो. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतरात घातली, ती थोडके शिकलेल्या बाईलाही ते स्वतः वाचून कळावे म्हणून. तुमच्या पत्रात सहा प्रवचनकारांची नावे आहेत, पण तुम्ही स्वतः पूर्ण वाचलेला असा एकही अध्याय नाही.

जुनी मंडळी की नवी, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. ज्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तिथे पाटीवरून शिक्षण ओळखता येत असते तर फारच सोपे झाले असते. सदरमध्येही तुम्ही इतकी वर्षे फक्त ऐकतच आलात ना?

आज रात्री जेवणे झाली की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, शोकेसमधले पवित्र शास्त्र काढा, सासूबाईंच्या शेजारी बसा आणि यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय पहिल्या ओवीपासून मोठ्याने वाचा. पती घरात असतील तर त्यांनाही ऐकू जाईल एवढा आवाज ठेवा. तो अध्याय तिघांचा पुरा होईपर्यंत मुदत ठेव मोडायची नाही. आणि सासूबाईंनी मध्येच थांबवले, तर थांबा.