बिट फिरत असताना खडक कसा दिसतो?

प्रश्न : मी खारघरला राहतो. समुद्रातल्या तेलविहिरीच्या रिगवर मड लॉगिंगचं (खोदताना वर येणारा चिखल आणि खडकाचा चुरा तपासण्याचं) काम नुकतंच सुरू केलंय. ड्रिलिंग चालू असताना स्क्रीनवर येणारं खडकाचं चित्र ढोबळ ठोकळ्यांचं असतं. भोकातलं मोजमापाचं टूल वर काढल्यावर तेच कितीतरी बारीक निघतं. असं का? आणि त्यातल्या नागमोडी रेषेवरून थराचा कल कसा काढायचा?

उत्तर : तो फोटो नाही, हे आधी पक्कं धरा. मडने, म्हणजे खोदताना भोकात फिरवत ठेवलेल्या चिखलाने, भरलेल्या भोकात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. बिटच्या, म्हणजे खडक खोदणाऱ्या टोकाच्या, मागच्या कॉलरवर (जाड पाइपवर) बटणाएवढे इलेक्ट्रोड असतात. ते पाइपबरोबर फिरत भिंतीचा विद्युतरोध मोजतात आणि बटण कोणत्या दिशेला आहे ते मॅग्नेटोमीटर सांगतो. एका फेरीचे ५६ भाग करणारी टूल्स आहेत. घनतेचं चित्र बहुधा १६ भागांचं असतं. गोल भिंत उभी चिरून सपाट पसरली की चित्र तयार. घट्ट चुनखडी उजळ दिसते, शेल (चिकणमातीचा खडक) गडद. पाण्याचं मड शिरलेली भेगही गडदच. तेलाच्या मडमधून हा प्रवाह जात नाही, तिथे अल्ट्रासॉनिक टूल लावतात.

आता ठोकळ्यांचं कारण. माहिती वर येते ती मडमधल्या दाबाच्या स्पंदनांवरून, सेकंदाला जेमतेम काही बिट (हे बिट माहितीचं एकक, खोदणारं नव्हे). हिशोब करून बघा : ताशी २० मीटर वेगाने ३ सेंटिमीटर खोदायला ५.४ सेकंद लागतात. दर ३ सेंटिमीटरला ५६ आकडे, प्रत्येकी ४ बिट, म्हणजे २२४ बिट. सेकंदाला ४१ बिट हवेत, आणि त्याच वाटेने गॅमा (खडकाचा किरणोत्सर्ग) अन् सर्व्हे (विहिरीचा कल आणि दिशा) यांचे आकडेही पाठवायचे असतात. म्हणून चित्र दाबून, गाळून पाठवतात. पूर्ण चित्र टूलच्या मेमरीत राहतं.

कलाचं गणित सोपं आहे. साडेआठ इंची भोकात नागमोडी रेषेचा माथा आणि तळ यांतलं अंतर साडेआठ इंच असेल, तर भोकाच्या अक्षाला काटकोनात असलेल्या पातळीपासून थर ४५ अंश कललेला, ४.९ इंच असेल तर ३० अंश. उंचीला व्यासाने भागायचं आणि टॅन उलटा काढायचा. मात्र प्रवाह भिंतीच्या थोडा आत शिरतो, त्यामुळे व्यास बिटपेक्षा मोठा धरावा लागतो. नाहीतर कल खऱ्यापेक्षा जास्त निघतो. तिरप्या विहिरीत हा कोन सर्व्हेवरून फिरवून घ्या, तोवर तो थराचा खरा कल नव्हे.

आडव्या विहिरीत हेच गणित तुमच्या बाजूने काम करतं. थराशी जवळजवळ समांतर जाताना, ८५ अंशांना, त्याच भोकात रेषा जवळपास अडीच मीटर लांब पसरते. एवढी मोठी खूण ढोबळ चित्रातही चुकत नाही. थरातून वर निघालो की खाली, हे कळायला थेट चित्र पुरतं, आणि आमच्या मते त्याची खरी किंमत तीच आहे. बारीक भेगा मोजायला मेमरीची वाट बघा.

चित्र बिघडतं ते मुख्यतः फिरण्यामुळे. मोटरवर स्लाइड करताना (फक्त खालच्या मोटरने बिट फिरवत पुढे सरकताना) पाइप फिरत नाही, तेवढा पट्टा रिकामा राहतो. बिट अडकून मग झटक्याने सुटलं की थराच्या कडा करवतीसारख्या दातेरी होतात. ताशी ६० मीटर वेग आणि मिनिटाला ६० फेऱ्या असतील तर दोन फेऱ्यांमध्ये १६.७ मिलिमीटर खडक निघून जातो. १२० फेऱ्या आणि ताशी २० मीटर असेल तर फक्त २.८. केसिंग शूजवळ (भोकात बसवलेल्या लोखंडी पाइपच्या खालच्या टोकाशी) लोखंडामुळे मॅग्नेटोमीटर भरकटतो, तिथल्या दिशेवर विसंबू नका.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीची बोअरवेल आटत चालली आहे. अशी टूल्स आम्हाला वापरता येतील का?

उत्तर : नाही, गरजही नाही. ठाण्याच्या काळ्या कातळातल्या साडेसहा इंची बोअरला पाण्यात चालणारा कॅमेरा पुरतो. पंप आणि पाइप वर काढा, गाळ बसायला एक दिवस द्या, मगच कॅमेरा सोडा. केसिंगपर्यंत नुसता पाइप दिसेल. त्याखाली सावकाश उतरवत प्रत्येक भेगेची खोली लिहून घ्या. लाल मातीचा थर ढासळून भोक अरुंद झालंय का तेही बघा. पाण्याच्या पातळीच्या वर असलेल्या भेगा स्वच्छ पण कोरड्या असतील, तर भूजलच खाली गेलंय. साफसफाईने पाणी वाढणार नाही. भेगा गाळाने बुजलेल्या असतील, तर कंप्रेसरने फ्लशिंग करून घ्या.